वहिनींचं ऑर्किड, भाऊजींची सर्दी

“घंटागाडी यायच्या आत सांगा ताई, हे तुम्हाला हवंय का? नको असेल तर देते टाकून.”

भिंतीवर आधी कुंडी आली, मागून वहिनी. आमच्या आणि त्यांच्या बंगल्यामधली भिंत छातीएवढीच आहे. बिल्डरनं विटा वाचवल्या आणि आमची सोय झाली. विरजण, कढीपत्ता, भिशीचे हिशेब, सुनांच्या कागाळ्या, सगळी ये-जा या भिंतीवरून. कुंडीतलं झाड मी लगेच ओळखलं. त्यांच्या मुलानं बंगळुरूहून ‘मदर्स डे’ला ऑनलाइन पाठवलेलं ऑर्किड. आलं तेव्हा दोन दांडे पांढऱ्या फुलांनी लगडलेले होते आणि अख्खी कॉलनी बघून गेली होती. आता नुसती पानं.

“काय गुन्हा केला त्यानं?”

“काही करत नाही, हाच गुन्हा. फुलं टिकली, नाही म्हणत नाही. आषाढी उलटली तरी होती. पण नंतर? पुढच्या वर्षी नाही, यंदा नाही. पानं बघा कशी जाडजूड झालीत. खातंय, पितंय, आणि फुलाचं नाव काढत नाही. मुलगा फोनवर विचारतो, आई, ऑर्किड कसंय? मी म्हणते, मजेत आहे. खोटं तरी किती बोलायचं माणसानं?”

“तुम्ही काय काय केलंत त्याला?”

मग वहिनींनी पदर खोचला आणि सुरुवात केली. भिशीत बारा जणी, त्यातल्या निम्म्यांना बागकामातलं सगळं कळतं. एकीनं ताक घालायला सांगितलं, एकीनं चहाचा चोथा. एकीनं केळीच्या साली भिजवलेलं पाणी. धाकट्या जोशीणबाईंनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, त्यात एक गोरी बाई आठवड्याला बर्फाचे तीन खडे कुंडीत ठेवत होती. तेही झालं. पिंपळगावचे आप्पा, म्हणजे वहिनींचे दीर, द्राक्षबागायतदार. त्यांनी गाडीच्या डिकीतून शून्य-बावन्न-चौतीस खताची उरलेली पिशवी काढून दिली, “वहिनी, हे घाला, माल निघालाच पाहिजे.” माल काही निघाला नाही. शेवटी सूनबाई म्हणाली, आई, ते झाड एकदाच फुलतं, वन टाइम असतं.

“असं असतं का हो ताई? वन टाइम?”

“छे हो. नीट ठेवलं तर दरवर्षी फुलतं. ठेवलंय कुठं ते?”

“हॉलमध्ये. टीव्हीच्या शोकेसवर. चांगल्या जागी ठेवलंय.”

तिथेच मला अर्धा रोग कळला. त्यांच्या हॉलच्या खिडक्यांना दुहेरी पडदे आहेत आणि ते दिवसा उघडायचे नाहीत असा भाऊजींचा दंडक आहे. सोफ्याचा रंग उडतो. कॉलनीत दुपारी दोन वाजता ट्यूबलाइट लावून पेपर वाचणारं ते एकमेव घर.

“वहिनी, पानांचा रंग बघा. तुम्हाला गर्द हिरवी म्हणजे तब्येतीची वाटतायत ना? ती उपाशी आहेत. उजेड मिळत नाही म्हणून हिरवा साठवून ठेवतात. चांगल्या उजेडातलं पान पोपटीकडं झुकणारं असतं. गर्द पान, लांबुळकं, दोन्ही बाजूंना लोंबणारं, म्हणजे झाड नुसतं जीव धरून आहे.”

“मग गच्चीवर ठेवते उन्हात.”

“गच्चीवर ठेवलंत तर चार वाजेपर्यंत पापड होईल. सकाळचं कोवळं ऊन, साडेनऊ-दहापर्यंतचं, किंवा पातळ पडद्याआडून येणारा लख्ख उजेड. पूर्वेची खिडकी आहे ना तुमच्याकडं?”

“आहे, पण बेडरूमला आहे.”

“मग बेडरूममध्ये.”

“तिथं हे झोपतात ना,” वहिनी म्हणाल्या, जणू त्या खोलीत आणखी काही ठेवायला जागाच नाही. भाऊजींचा विषय तूर्त मी बाजूला ठेवला आणि कुंडी हातात घेतली.

बाहेरची कुंडी चिनी मातीची, निळ्या नक्षीची, खाली भोक नाही. आतली कुंडी पारदर्शक प्लॅस्टिकची. आतली उचलली तर तळाशी दोन बोटं पाणी साचलेलं आणि वास असा की वहिनींनी नाकाला पदर लावला. खालच्या मुळ्या तपकिरी, दाबल्या की साल हातात यायची आणि आत नुसता दोरा. वरच्या मात्र ठणठणीत, चंदेरी पांढऱ्या, कुंडीच्या कडेनं गोल फिरलेल्या.

“रोज पाणी घालते का तुमची कामवाली सुमन?”

“रोज. मीच सांगितलंय, एवढं महागाचं झाड.”

“तिला म्हणावं, आठवड्यातून एकदा. आणि वार बघून नको, मुळ्या बघून. ही कुंडी पारदर्शक का असते? मुळ्यांना उजेड मिळावा म्हणून, आणि आपल्याला आत दिसावं म्हणून. मुळ्या चंदेरी दिसल्या की पाणी. ओल्या झाल्या की बघता बघता हिरव्या होतात. हिरव्या आहेत तोवर हात लावायचा नाही. पाणी घालताना बेसिनमध्ये ठेवून भरपूर घाला, सगळं निथळू द्या, मगच परत नक्षीच्या कुंडीत. नळाचं पाणी चालेल, गंगापूर धरणाचं आहे. बोअरचं नको, त्यातल्या क्षारांनी मुळ्या जळतात. आणि हे बघा, मधे जिथून नवीन पान येतं, तो पोंगा. तिथं थेंब राहिला तर टिपून घ्या. रानात हे झाड फांदीवर आडवं, तोंड खाली करून लोंबतं, पाऊस आला तरी पोंग्यात पाणी थांबत नाही. आपण त्याला कुंडीत सरळ उभं केलंय, म्हणून ही भानगड.”

“फांदीवर? म्हणजे बांडगूळच की.”

“बांडगूळ झाडाचा रस पितं. हे नुसतं बसायला फांदी घेतं, भाडं-बिडं काही नाही, पण घरमालकाच्या स्वयंपाकघरातही जात नाही. पाऊस, दव, सालीवर साचलेला पालापाचोळा, एवढ्यावर राहतं.”

वहिनी एकदम थांबल्या. “आमच्या माहेरी आंब्यावर असायची सीतेची वेणी. इगतपुरीला. पावसाच्या तोंडाशी फुलायची, जांभळट गुलाबी झुपके. आम्ही पोरी वेणीत माळायचो. ते पण हेच?”

“त्याच घराण्यातलं. सह्याद्रीतलं. तिला कोणी पाणी घालत होतं का?”

“कोण घालणार? उलट आजोबा म्हणायचे, काढून टाका, आंबा खराब होईल. पण मग ते आंब्याला फुलत होतं, आणि हे सोफ्यासमोर फुलत नाही, असं का?”

बरोबर प्रश्न विचारला बाईंनी. पण तेवढ्यात घंटागाडीची गाणी ऐकू आली, वहिनी ओला-सुका कचरा घेऊन पळाल्या आणि कुंडी माझ्या भिंतीवर राहिली. परत आल्या त्या वेगळीच बातमी घेऊन.

“अहो, कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या गाडीशी. त्यांच्या ऑर्किडला बघा बारा महिने फुलं! जाता-येता दिसतं खिडकीतून. त्या म्हणे काहीच करत नाहीत. ‘माय प्लांट्स लव्ह मी,’ म्हणाल्या मला.”

“वहिनी, गणपतीत त्यांच्या खिडकीत कुठल्या रंगाचं होतं?”

“पांढरं.”

“आणि त्याच्या आधी, पाडव्याला?”

वहिनी आठवू लागल्या. “जांभळं. हो, जांभळंच, मी म्हटलंसुद्धा होतं यांना. आणि आता पिवळं आहे, मधे लाल ठिपके.”

“ऑर्किड रंग बदलत नाही, वहिनी.”

त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला त्यात टीव्हीच्या शोकेसवरचं झाडसुद्धा फुललं असतं. “म्हणजे नवीन आणतात?”

“फुलं गळली की नवीन. आणि जुनं जातं घंटागाडीत. सुमन त्यांच्याकडंही काम करते ना? माझ्या मागच्या व्हरांड्यात जी आहेत ती कुठली वाटली तुम्हाला?”

यानंतर पाच मिनिटं ऑर्किडचा विषय निघाला नाही. डॉक्टरीणबाईंच्या मोलकरणीचा पगार, त्यांची नवी गाडी, त्यांनी भिशीला आणलेल्या आणि ‘घरी केलेल्या’ ढोकळ्याखाली सापडलेला दुकानाचा बटर पेपर, सगळं एका माळेत ओवून झालं. मला या बाईंचा राग नाही, खरं सांगायचं तर. पुष्कळ जण या झाडाला गुलदस्त्यासारखंच वागवतात आणि विकणाऱ्यांचंही त्यात भलंच आहे. पण फुलं गळलेलं झाड मेलेलं नसतं. ते पुढच्या थंडीची वाट बघत असतं.

“थंडीची?” वहिनींनी धागा पकडला. “म्हणून ते बर्फाचे खडे होय?”

“नाही हो. बर्फाचं पाणी म्हणजे मोजून पाणी, एवढंच. ज्यांच्या हाताला माप नाही त्यांच्यासाठी. त्यानं झाड मरत नाही आणि फुलतही नाही. थंडी हवेची लागते, पानांना लागते, आणि रात्र रात्र लागते.”

मग मी सांगत गेले आणि वहिनी भिंतीवर कोपर टेकून ऐकत राहिल्या. हे फॅलेनोप्सिस जातीचं ऑर्किड. मूळ घर फिलिपिन्स, तैवान, इंडोनेशियाकडचं दमट जंगल. त्यातलं एक पांढरं तर इंडोनेशियाच्या राष्ट्रीय फुलांपैकी आहे. उन्हाळाभर, पावसाळाभर हे झाड पानं काढतं, मुळ्या काढतं. हवा २८ अंशांच्या वर राहिली तर ते फुलाचा विचारच करत नाही, कितीही खत घाला. मग हवा उतरते. रात्री १५ ते २० अंश, दिवसा २५ च्या आसपास, असं तीन-चार आठवडे सलग मिळालं की वरून दुसऱ्या-तिसऱ्या पानाच्या काखेत झोपलेला डोळा जागा होतो आणि दांडा धरतो. तैवानात या झाडांची मोठी शेती आहे. तिथले शेतकरी उन्हाळ्यात ट्रक भरभरून झाडं डोंगरावर न्यायचे, गारव्यात ठेवायचे आणि दांडे निघाले की खाली उतरवायचे. आता हरितगृहातच गारवा तयार करतात.

“म्हणून तर तुमचं झाड मे महिन्यात फुललेलं आलं,” मी म्हटलं. “स्वतःच्या मनानं फुललं असतं तर होळीच्या आगेमागे. मदर्स डेची तारीख धरून त्याला आधी गार खोलीत बसवलेलं होतं.”

“आणि मी बसवलं टीव्हीसमोर.”

“पडदे लावून. दारं-खिडक्या बंद. तुमचा हॉल जानेवारीतसुद्धा उबदार असतो, तुम्हीच सांगता सगळ्यांना कौतुकानं. त्या झाडाला दोन वर्षांत थंडी पडल्याचं कळलेलंच नाही.”

“मग दोन-चार रात्री फ्रिजमध्ये ठेवू का?”

“फ्रिजमध्ये चार-पाच अंश असतात, वर अंधार. सकाळी पानं काचेसारखी होतील आणि संध्याकाळी काळी. वहिनी, नाशिकची थंडी फुकट मिळते आहे, तीच द्या ना. कोजागरी झाली, आता रात्री उतरायला लागतील.”

दिवाळीत पिंपळगावहून आप्पा आले. त्यांच्या औषधाला हरताळ फासला गेल्याचं वहिनींनी सांगितलं असणार, कारण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ते भिंतीपलीकडं उभे राहिले, हातात चहाचा कप.

“ताई, आमचं शून्य-बावन्न-चौतीस तुम्ही बंद केलं म्हणे.”

“आप्पा, तुम्ही बागेला फुलोऱ्यासाठी देता का ते? काडी पक्व व्हायला, फुगवणीला देता. डोळ्यात घड कधी धरतो तुमच्याकडं?”

आप्पा खुलले. द्राक्षवाल्याला घडाबद्दल विचारलं की चहा गार होतो. “घड धरतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर. काडीवर ऊन पडलं पाहिजे, मोकळं, कडक. त्या दिवसांत आभाळ राहिलं की डोळ्यात घडच नाही. मग ऑक्टोबरात कितीही छाटा, कितीही ओता, नुसत्या बाळ्या निघतात. खतानं आहे तो घड मोठा होतो. नाही तो कुठून येणार?”

“हेच ना. तुमच्या वेलाला ऊन लागतं, याला गारवा लागतो. घड नाही तर ओतून काय उपयोग?”

आप्पांनी कप भिंतीवर ठेवला आणि कुंडी उचलून बघितली. “म्हणजे याला ताण थंडीचा. सटाण्याकडं डाळिंबाला पाणी तोडून ताण देतात, तसं पाणी तोडू का याचं?”

“ते नका करू. डेंड्रोबियम नावाचं एक ऑर्किड असतं, त्याच्या काही जातींना हिवाळ्यात पाणी तोडावं लागतं, पानंसुद्धा गळतात त्यांची आणि मग फुलतात. याला ना गाठ ना कंद, पाणी साठवायला आहेत ती पानंच. पाणी तोडलं तर पानं सुरकुततील, दुसरं काही नाही.”

“आणि जीए, आमचं मणी फुगवायचं संजीवक? ते मारलं तर?”

“फुलं वेडीवाकडी येण्याची भीती. मण्यांना चालतं, पाकळीला नको. एकोणीस-एकोणीस-एकोणीस आहे का घरी? लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. मधे एकदा साध्या पाण्यानं धुऊन काढायचं. याहून जास्त ते खातच नाही.”

“अर्धा ग्रॅम,” आप्पा म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यभर खताची गोणी पाठीवर वाहिली त्याला अर्धा ग्रॅम म्हणजे अपमान वाटत असावा. पण जाताना त्यांनी सोन्याच्या काट्यानं मोजल्यासारखी पुडी बांधून दिली आणि मेलेल्या मुळ्या कात्रीनं स्वच्छ छाटून, झाड नव्या सालीत बसवून दिलं. कात्री आधी गॅसवर तापवून घेतली, मला सांगावं लागलं नाही. बागायतदाराचा हात. साल, कोळशाचे खडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे. वहिनी लाल माती आणि शेणखत घेऊन तयार होत्या, ते आप्पांनीच परत पाठवलं.

राहिले भाऊजी.

भाऊजींना सर्दी आहे. म्हणजे झाली आहे असं नाही, आहे. सप्टेंबरात ते कानटोपी काढतात ती शिवरात्रीला ठेवतात. त्यांच्या उशाशी खिडकी, आणि त्या खिडकीत रात्री गारवा खेळायला हवा असं झाडाचं म्हणणं. वहिनींनी विषय काढला तेव्हा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला.

“रात्री झाडाजवळ झोपू नये!” भाऊजी गरजत होते. “शाळेत शिकवलंय! झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात!”

थोड्या वेळानं वहिनी भिंतीशी आल्या, डोळे पुसत नव्हत्या, हसत होत्या. “काय उत्तर देऊ?”

“सांगा, हे झाड उलटं आहे. याची पानांवरची तोंडं दिवसा बंद असतात, पाणी उडून जाऊ नये म्हणून. रात्री उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आत घेतं, साठवून ठेवतं, सकाळी ऊन आलं की वापरतं. निवडुंग, अननस, सगळी त्याच पंथातली. म्हणजे भाऊजी सोडतील तो हे घेईल.”

एका कुंडीनं खोलीच्या हवेत कणभर फरक पडत नाही, हे मला माहीत आहे. पण भाऊजींना शास्त्र हवं होतं, शास्त्र दिलं. ते पटलं त्यांना. खिडकी मात्र पटली नाही. दोन रात्री खिडकी उघडी, कानटोपी, मफलर, वर रजई, आणि सकाळी सगळ्या कॉलनीला ऐकू जातील अशा शिंका. तिसऱ्या दिवशी तडजोड निघाली. झाड बेडरूममध्ये, भाऊजी हॉलमध्ये. दिवाणावर. दुहेरी पडद्यांच्या आत, टीव्हीच्या शोकेससमोर, त्याच उबेत.

खिडकीचीही एक मर्यादा होती, ती मी वहिनींना बजावून सांगितली. आपल्याकडं थंडी कधी कधी अंगावर येते. निफाडला पारा पाच-सहावर आला की पेपरात पहिल्या पानावर दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात आणि आप्पांच्या बागेत पहाटे शेकोट्या पेटतात, मणी तडकू नयेत म्हणून. अशा रात्री या झाडालाही खिडकी बंद हवी. बाराच्या खाली उतरलं की पानांवर खोलगट डाग पडतात. गारवा द्यायचा, कुडकुडवायचं नाही. वहिनींनी खिडकीच्या गजाला तापमापक टांगला. भाऊजींचाच, ताप मोजायचा नव्हे, तो जुना भिंतीवरचा.

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी भिंतीवर हाक. “ताई, लवकर या, चष्मा घेऊन या.”

वरून तिसऱ्या पानाच्या बुडाशी साल फोडून काहीतरी बाहेर डोकावत होतं, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. वहिनींनी हातात टॉर्च धरला होता, सकाळी नऊला.

“दांडा ना? सांगा ना, दांडा ना?”

“थांबा हो. मुळीसुद्धा अशीच निघते, तिथंच निघते.”

इथं भलेभले फसतात. मुळीचं टोक गुळगुळीत, गोल असतं, चकचकीत, कधी हिरवं कधी लालसर, आणि दोन-चार दिवसांत मागून चंदेरी होत जाते. शिवाय बहुतेक वेळा ती खाली वळते. दांड्याचं टोक चपटं आणि टोकदार, नीट बघितलं तर एका बाजूला छोटासा ठसा दिसतो, पहिल्या पेराचा, वर एक पातळ पापुद्रा चिकटलेला. आणि तो उजेडाकडं तोंड करतो. वहिनींच्या झाडावरचं ते टोक चपटं होतं, पापुद्रा होता, खिडकीकडं तोंड होतं.

“दांडा आहे,” मी म्हटलं.

वहिनींनी आधी मुलाला फोटो पाठवला, मग आप्पांना, मग भिशीच्या ग्रुपवर टाकायला गेल्या, तो मी थांबवला. अजून बरंच काही बिघडू शकतं.

“आता यापुढं कुंडी फिरवायची नाही. सुमनला सांगा, पुसायला उचलली तरी जशी होती तशीच ठेवायची. दांडा उजेड शोधत जातो. आज इकडून उद्या तिकडून उजेड आला तर नागमोडी होईल आणि फुलं चार दिशांना तोंडं करतील. बोटभर झाला की काडी लावा, सैल बांधा. फुलायला अजून दोन-अडीच महिने.”

“अडीच महिने!”

“संक्रांतीनंतर कळ्या दिसतील. तेव्हा खरी काळजी. वहिनी, आज गुरुवारची पूजा कुठं मांडलीय?”

“बेडरूममध्येच, पूर्वेला तोंड करून. का?”

मला शंका होतीच. खिडकीच्या कट्ट्याशी चौरंग, चौरंगावर कलश, आणि कलशापुढं पाच फळं, त्यात केळ्यांची अख्खी फणी, चांगली पिकलेली, वर धूप. कळ्या नव्हत्या म्हणून आज चाललं. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो. जळगावचा केळीवाला त्याच वायूच्या बंद खोलीत हिरवी केळी पिवळी करतो, आपण आंब्याच्या अढीत तेच करतो. फळ पिकवणारा तो वायू कळीला म्हातारी करतो. दांड्यावर दहा कळ्या, उद्या उमलणार म्हणून तुम्ही फोन करून लोकांना बोलवावं आणि सकाळी दहाच्या दहा पिवळ्या पडून कट्ट्यावर. धुरातही तो असतो.

“म्हणजे देवाला केळं पण ठेवायचं नाही?”

“देवाला ठेवा, हॉलमध्ये ठेवा.”

“हॉलमध्ये यांचं अंथरूण असतं.”

“मग भाऊजी खातील. पण कळ्या आल्यावर केळी, सफरचंद, चिकू त्या खोलीत नाही. महाशिवरात्रीचं कवठसुद्धा नाही.”

वहिनी हे सगळं भिशीच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेत होत्या. लिहिता लिहिता मधेच म्हणाल्या, “आणि फुलं गळली की? तो दांडा तसाच वाळू द्यायचा ना, मागच्या वेळी मी तसाच ठेवला होता.”

“वाळला तर बुडापासून काढा. हिरवा असला तर त्यावर पेरं दिसतील, खालून दोन पेरं सोडून तिसऱ्याच्या थोडं वर कापा. कधी कधी तिथूनच फाटा फुटून आणखी फुलं येतात. झाड अशक्त असेल तर तो लोभ नको, पूर्ण काढा आणि उन्हाळाभर पानं वाढवू द्या. पान नाही तर पुढच्या थंडीत दांडा कुठून?”

“डॉक्टरीणबाईंना हे माहीत असेल?”

“त्यांना कशाला माहीत असायला हवं?”

“नाही, म्हणजे भिशी फेब्रुवारीत माझ्याकडं आहे,” वहिनी वही मिटत म्हणाल्या. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते स्पष्ट होतं. “तेव्हा फुललेलं असेल?”

“हिशेबानं असायला हवं. पांढरंच फुलेल, घाबरू नका.”

“रंग मी आधीच सांगून ठेवणार आहे सगळ्यांना. मागच्या वेळचे फोटो काढून ठेवलेत. हेच झाड, हाच रंग, म्हणावं. पण ताई, बारा जणींना मी बेडरूममध्ये कशी नेऊ? पलंगावर बसवून पोहे देऊ का?”

“सगळ्या कळ्या उमलल्या की कुंडी हॉलमध्ये आणता येते. उमललेल्या फुलाला हललेलं चालतं, कळीला चालत नाही. उलट जरा गार, उन्हापासून लांब ठेवलंत तर दोन-दोन महिने टिकतात. शोकेसवर खुशाल ठेवा. आणि मग भाऊजींना परत बेडरूममध्ये न्या, खिडकी लावून घ्या.”

वहिनींनी टॉर्च बंद केला. हॉलच्या बाजूनं शिंकेचा आवाज आला, तिकडं त्यांनी एकदा मान वळवून बघितलं.

“बघू,” त्या म्हणाल्या. “मला आताशा झोप बरी लागतेय.”